मर्ल हॅगर्ड : एकाच गाण्यात कोंडलेला माणूस

आडवाट (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर कंट्री म्युझिकचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे जॉन डेन्व्हर, जॉनी कॅश आणि "ती घोडे-ट्रक-बिअरवाली गाणी" इथवर येऊन गाडी अडली. त्यात कोणीतरी मर्ल हॅगर्ड या अमेरिकन कंट्री गायक-गीतकाराचं नाव काढलं तर लगेच उत्तर आलं, "तो ना, हिप्प्यांना नावं ठेवणारा". तिथे वाद घालत बसलो असतो तर मूळ विषय बाजूला राहिला असता, म्हणून हा वेगळा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मर्लचा जन्म ६ एप्रिल १९३७, कॅलिफोर्नियात बेकर्सफिल्डला लागून असलेल्या ऑइलडेलमधला. आईवडील मूळचे ओक्लाहोमातल्या चेकोटाचे. मंदीचे दिवस, त्यात १९३४ ला कोठार जळालं आणि कुटुंब कॅलिफोर्नियाला निघालं. त्या काळात असे लाखो लोक ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सामधून पश्चिमेला गेले आणि कॅलिफोर्नियावाले त्यांना सरसकट 'ओकी' म्हणायचे, म्हणजे शिवीच ती. वडिलांना सांता फे रेल्वेत काम मिळालं आणि राहायला काय, तर मालगाडीचा जुना डबा! बर्फ भरून भाजी-फळं नेतात तसला. बापाने त्याला खिडक्या पाडल्या, खोल्या जोडल्या आणि त्याचं घर केलं. मर्ल त्याच घरात जन्मला-वाढला.

१९४६ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन वडील गेले, पोरगा तेव्हा ९ वर्षांचा. आई फ्लॉसी एकदम धार्मिक आणि कष्टाळू, हिशेबनिसाची नोकरी धरून तिने घर चालवलं, पण दिवसभर ती कामावर आणि इकडे पोरगं हाताबाहेर. मालगाड्यांवर चढून पळून जाणं, शाळा बुडवणं, भुरट्या चोऱ्या, मग रिमांड होम, तिथून पळणं, परत पकडणं, असं चक्र सुरू झालं. १२ वर्षांचा असताना थोरल्या भावाने त्याची जुनी गिटार दिली होती, ती मात्र रेकॉर्डी ऐकून ऐकून स्वतःच शिकला. जिमी रॉजर्स, बॉब विल्स, हँक विल्यम्स आणि सगळ्यात जास्त लेफ्टी फ्रिझेल. लेफ्टीची नक्कल तर इतकी हुबेहूब करायचा की तो बेकर्सफिल्डला आला तेव्हा स्टेजमागे या पोराचं गाणं ऐकून अडूनच बसला, आधी याला गाऊ द्या मगच मी जातो म्हणून.

पण अजून सुधारायचं नाव नव्हतं. लग्न झालेलं, पोरंबाळं, खिशात दमडी नाही. १९५७ मध्ये दारू पिऊन साथीदाराबरोबर एका हॉटेलचं मागचं दार फोडायला गेला. त्याने स्वतः सांगितलेला किस्सा असा की यांना वाटलं मध्यरात्र उलटून गेलीय आणि हॉटेल बंद आहे, तर हॉटेल चक्क चालू होतं, आत गिऱ्हाईकं जेवत होती! पकडला गेला, तुरुंगातून पळायचा प्रयत्न केला आणि फेब्रुवारी १९५८ ला थेट सॅन क्वेंटिनच्या बड्या तुरुंगात रवानगी. एकविसावा वाढदिवस आतच झाला.

आत गेल्यावरही जुगार चालवणं आणि दारू गाळून विकणं सुरूच. नशेत सापडल्यावर एकांत कोठडीत टाकलं, तिथून फाशीच्या कैद्यांची कोठडी जवळ होती आणि कॅरिल चेसमन या तेव्हाच्या गाजलेल्या कैद्याशी बोलणं व्हायचं. मग 'रॅबिट' नावाने ओळखला जाणारा त्याचा मित्र. याने पळायचा बेत आखला, मर्ललाही चल म्हणाला आणि शेवटी त्यानेच नको येऊस असं सांगितलं. रॅबिट पळाला, बाहेर एका पोलिसाला मारलं, पकडून परत आणलं आणि मृत्युदंड झाला. मर्लच्या डोक्यातला खटका तिथे पडला असावा असं मला वाटतं. तुरुंगातल्या कापड विभागात काम धरलं, शाळेची राहिलेली परीक्षा दिली, कैद्यांच्या बँडमध्ये वाजवायला लागला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये पॅरोलवर बाहेर आला.

माझं म्हणणं एवढंच आहे, की या माणसाची जी सगळ्यात चांगली गाणी आहेत ती सुटून आल्यावरच्या शरमेची आहेत. 'ब्रँडेड मॅन' ऐका, 'सिंग मी बॅक होम' ऐका (दोन्ही १९६७). पहिल्यात शिक्षा भोगून झालेल्या माणसाला जग डाग पुसू देत नाही. दुसऱ्यात फाशीला निघालेला कैदी आपल्या गिटारवाल्या मित्राला घरची आठवण येईल असं गाणं म्हणायला सांगतो, ते रॅबिटवरून सुचलेलं. यात "मी किती डेंजर होतो" असली फुशारकी औषधाला नाही. आणि जगाने लक्षात काय ठेवलं? तर 'ओकी फ्रॉम मस्कोगी', ते हिप्प्यांना नावं ठेवणारं गाणं.

---

शेवंता_२

बाबौ, काय आयुष्य आहे! वाचनखूण साठवली. 'ममा ट्राइड' ऐकलंय मी, खूप आवडतं. पण त्यात तो जन्मठेप म्हणतो ना? मग तीन वर्षांत सुटला कसा?

आडवाट

शेवंताताई, जन्मठेप गाण्यातल्या माणसाला आहे, मर्लला नव्हती. एकविसाव्या वर्षी आत असणं खरं, आईने जीव तोडून प्रयत्न केले हे खरं, बाप लवकर गेला हे खरं, जन्मठेप तेवढी वाढवलेली. आणि ती वाढवल्यामुळेच गाण्याला वजन आलंय, नाहीतर "आई, मी तीन वर्षं आत होतो" यात काय दम? १९६८ चं गाणं आहे, 'किलर्स थ्री' नावाच्या सिनेमात वापरलं होतं आणि त्यात मर्लने कामही केलंय. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की दोष पूर्ण स्वतःकडे घेतो. गरिबी, समाज, पोलिस, कोणावर ढकलत नाही. आईने केलं, मीच ऐकलं नाही, विषय संपला.

गिटारवाला

आडवाट, दंडवत घ्या. एक भर घालतो, साउंडबद्दल.

साठच्या दशकात नॅशव्हिलचा, म्हणजे कंट्री म्युझिकच्या राजधानीचा माल म्हणजे व्हायोलिनचा ताफा, मागे गोड कोरस, सगळं कसं इस्त्री केलेलं. बेकर्सफिल्डवाल्यांना ते परवडणारं पण नव्हतं आणि चालणारं पण नव्हतं. तिथे दिवसभर तेलाच्या विहिरींवर नाहीतर कापसाच्या शेतात राबलेली माणसं रात्री बारमध्ये यायची, नाचायची, भांडायची. ब्लॅकबोर्ड नावाचा बार प्रसिद्ध होता. त्या गदारोळात ऐकू जायचं तर गिटार चिरत गेली पाहिजे, म्हणून फेंडर टेलिकास्टर. टेलिकास्टरला ब्रिजपाशी (तारा खाली अडकवतात तिथे) जो पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग असतो त्याचा आवाज मुद्दाम ऐका, पत्र्यावर नखाने टिचकी मारल्यासारखा, कोरडा आणि धारदार. बेकर्सफिल्डचाच गायक बक ओवेन्स आणि त्याचा गिटारवादक डॉन रिच यांनी तो जगभर नेला, मर्लकडे रॉय निकल्स होता. निकल्स पोरवयातच मॅडॉक्स ब्रदर्स अँड रोझ या बँडबरोबर वाजवायचा, म्हणजे मर्लला सिनियरच. हा माणूस कमी स्वरात काम भागवतो, तार ओढून सोडतो आणि गप्प बसतो. आजकालच्या पोरांना गप्प बसणं जमतच नाही.

'ममा ट्राइड'वर गिटारला जेम्स बर्टन आहे बरं का, तोच जो नंतर एल्व्हिसकडे गेला. सुरुवातीचा तुकडा कान देऊन ऐका आणि मग बोला.

काळी_चहा

@शेवंता_२ +१

मला एक विचारायचंय, जॉनी कॅशचा तो फेमस सॅन क्वेंटिनचा कार्यक्रम, त्यात मर्ल प्रेक्षकांत होता म्हणतात ते हेच का?

आडवाट

नाही, इथे सगळ्यांची गल्लत होते. ज्याची रेकॉर्ड निघाली तो कार्यक्रम १९६९ चा, तेव्हा मर्ल स्वतःच स्टार होता. मर्लने पाहिला तो दहा वर्षं आधीचा, १९५९ च्या नव्या वर्षाच्या दिवशीचा. मर्लनेच सांगितलंय की कॅशचा आवाज त्या दिवशी पार बसलेला होता, तरी त्याने ते टगे कैदी असे खिशात घातले की बस. पुढे कॅशच्या टीव्ही शोवर गेल्यावर मर्ल त्याला त्या कार्यक्रमाबद्दल बोलला. कॅशचं म्हणणं पडलं की तू तुरुंगात होतास हे लोकांना स्वतःच सांगून टाक, एखाद्या चघळू मासिकाने छापायच्या आत. मर्ल घाबरत होता, करिअर बसेल म्हणून. झालं उलटंच, लोकांनी डोक्यावर घेतला.

आणि गंमत बघा, त्याचं पहिलं नंबर एकचं गाणं 'द फ्युजिटिव्ह', ते याने लिहिलेलंच नाही, लिझ आणि केसी अँडरसन या नवरा-बायकोने लिहिलं, पळत्या गुन्हेगारावर. टीव्हीवर त्या नावाची मालिका जोरात होती त्यावरून सुचलेलं. याला ऐकवलं तेव्हा यालाच धसका बसला, आपलं बिंग यांना कळलं की काय!

तात्या_सोलापुरी

लेख चांगला आहे, पण धागाकर्ते त्या 'ओकी'वरून जरा घाईने निसटताहेत असं वाटलं. १९६९ साल, व्हिएतनाम युद्ध पेटलेलं, पोरं रस्त्यावर, आणि हा माणूस गातो की आमच्या गावात कोणी गांजा ओढत नाही, ड्राफ्ट कार्ड (सक्तीच्या लष्करभरतीचं) जाळत नाही, झेंड्याला मान देतो. त्यावर पुढच्याच वर्षी 'द फायटिन साइड ऑफ मी', देश आवडत नसेल तर चालते व्हा थाटाचं. १९७० ला कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातला सर्वोत्कृष्ट कलाकार. ७३ मध्ये निक्सनच्या व्हाइट हाउसमध्ये गायन. मग लोकांनी यावरून ओळख ठरवली तर लोकांचं काय चुकलं?

आडवाट

तात्या, मुद्दा रास्त आहे, निसटत नाही, सांगतो.

'ओकी' सुचलं बसमध्ये. ओक्लाहोमातून जाताना मस्कोगीची पाटी दिसली आणि कोणीतरी पाचकळपणा केला की इथे काय गांजा ओढत नसतील. मर्ल आणि ड्रमर एडी बरिस यांनी तिथल्या तिथे गाणं जुळवलं. नंतर चाळीसेक वर्षं त्याला हा प्रश्न विचारत राहिले आणि तो दर वेळी वेगळं उत्तर द्यायचा. कधी म्हणे गंमत होती, कधी म्हणे बापाच्या पिढीच्या नजरेने लिहिलं, कधी म्हणे तेव्हा मला अक्कल नव्हती. मी यातलं कुठलंच एक खरं धरत नाही. पण चेकोटा मस्कोगीपासून जवळच आहे आणि 'ओकी' हा शब्द त्याच्या आईबापांनी शिवी म्हणून ऐकलेला, तो त्याने ताठ मानेने म्हणायला लावला. टाळ्या वाजवणाऱ्यांत अर्धे तर त्यासाठीच होते.

'फायटिन साइड'चं मात्र समर्थन करणार नाही. पण त्याच वेळी त्याच्याकडे 'इर्मा जॅक्सन' तयार होतं, गोरा पुरुष आणि काळी बाई यांच्या प्रेमाचं, आणि त्याला ते काढायचं होतं. कॅपिटॉल या त्याच्या रेकॉर्ड कंपनीतल्या केन नेल्सनने मोडता घातला, आत्ता 'ओकी' तापलंय, आत्ता हे नको. मग 'फायटिन साइड' बाजारात आलं आणि 'इर्मा' १९७२ पर्यंत पडून राहिलं. म्हणजे धोरण कंपनीचं, पण मान तुकवली ती यानेच.

तात्या_सोलापुरी

हे 'इर्मा' प्रकरण माहीत नव्हतं. ऐकतो. तरी "मान तुकवली" हे तुम्हीच म्हणालात म्हणून बरं वाटलं.

पिठलंभाकर

पण पुढचं पण सांगा की. २००३ ला इराक युद्धाविरुद्ध बोलल्या म्हणून डिक्सी चिक्स या बायकांच्या कंट्री बँडला रेडिओवाल्यांनी वाळीत टाकलं तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या मोजक्या जुन्या लोकांत हा होता, आणि 'दॅट्स द न्यूज' नावाचं गाणं काढून टीव्हीच्या बातम्यांना चिमटा काढला. ज्यांनी 'ओकी'वर झेंडे नाचवले ते चक्रावलेच असतील. मला तरी हा माणूस डावा-उजवा काही वाटत नाही, डोकं फिरेल तसा बोलणारा वाटतो. आपल्याकडे पण असतात असे, दर निवडणुकीला घरच्यांशी भांडणारे काका. हलके घ्या.

दरीखोरी

मी बेकर्सफिल्डजवळ राहते, नवऱ्याची तेल कंपनीत नोकरी आहे म्हणून. केर्न नदीच्या पलीकडे ऑइलडेल लागतं, आजूबाजूला पंपांची डोकी खालीवर होत असतात आणि उन्हाळ्यात इतकं तापतं की गाडीच्या स्टिअरिंगला हात लागत नाही. रस्त्याला मर्ल हॅगर्ड ड्राइव्ह असं नाव दिलंय. मर्लच्या घराचा तो डबा आता केर्न काउंटी म्युझियममध्ये आणून ठेवलाय, मर्ल हयात असतानाच, २०१५ मध्ये तिथे हलवला. बाहेरून बघितलं तर साधं बैठं घर वाटतं, डबा आहे हे सांगावं लागतं. बर्फाचा डबा असल्यामुळे भिंती जाडजूड, म्हणजे या उन्हात तरी बरं असणार. लेकाला दाखवलं की यात जन्मलेला माणूस पुढे एवढा मोठा झाला, तर त्याचा प्रश्न, "वायफाय होतं का?"

जाता जाता एक. इथे उत्तरेला डेलानो आहे, याच काउंटीत. १९६५ ला द्राक्षबागांमधल्या फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांनी तिथे संप केला आणि तो पाच वर्षं चालला. मजूर नेता सेझार चावेझ वगैरे सगळं तिथलंच. म्हणजे मर्ल 'हंग्री आइज' लिहितोय, मजुरांच्या कॅम्पातल्या आईच्या उपाशी डोळ्यांवर, १९६९ साली, आणि तासाभराच्या आत त्याच शेतांमध्ये आत्ताचे मजूर संपावर आहेत. त्याच्या गाजलेल्या गाण्यांत तो संप कुठेच दिसत नाही. मला 'हंग्री आइज' फार आवडतं, रडू येतं, पण हे डोक्यातून जात नाही.

आडवाट

दरीखोरीताई, हे फार नेमकं बोललात. मी पण यावर विचार केलाय आणि मला वाटतं की मर्लचा कष्टकरी हा नेहमी मागचा असतो, बापाच्या पिढीचा, नाहीतर एकटा. 'वर्किन मॅन ब्लूज'मधला बाप्या नऊ पोरं पोसतो, बिअर पितो आणि सरकारी मदत घेत नाही याचा त्याला अभिमान. युनियन, संप, चार माणसांनी मिळून काही मागणं हे त्याच्या जगातच नाही.

अपवाद म्हणावा तर 'इफ वी मेक इट थ्रू डिसेंबर', १९७३. कारखान्यातून कमी केलेला बाप आणि ख्रिसमस तोंडावर. कल्पना रॉय निकल्सकडून आली, त्याचं लग्न मोडण्याच्या बेतात होतं, कसं चाललंय विचारल्यावर तो म्हणाला की डिसेंबर निघाला तर निभेल. मर्लने बायकोच्या जागी नोकरी घातली. त्या वर्षी तेलाचं संकट आलेलं, कारखान्यांतून माणसं कमी होत होती, त्यामुळे गाणं कंट्रीच्या बाहेर पॉप यादीतही चढलं. कंपनीला शिव्या नाहीत त्यात, नुसतं पोरीला कसं सांगू एवढंच. हे त्याचं बळ म्हणा की मर्यादा म्हणा.

शेवंता_२

पाच लग्नं केली म्हणे? आईने प्रयत्न केले तसे बायकांनी पण केले असणार! कोणी त्यांच्यावर गाणं लिहिलं का 😏

दरीखोरी

खी खी. अनुमोदन. बॉनी ओवेन्सवर तर वेगळा धागा हवा. आधी बक ओवेन्सची बायको, मग १९६५ ला मर्लशी लग्न. स्वतः उत्तम गायिका, पण मर्लच्या बसमध्ये वही-पेन घेऊन बसायची, हा पठ्ठ्या अपरात्री ओळी बडबडणार आणि ही उतरवून घेणार. 'टुडे आय स्टार्टेड लव्हिंग यू अगेन' वर दोघांचं नाव आहे, ते आलं बॉनी अँड क्लाइड या दरोडेखोर जोडीवरच्या एका गाण्याच्या बी साइडला, म्हणजे रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, आणि आज एवढं गायलं जातं की विचारू नका. १९७८ ला घटस्फोट झाला, त्याने लिओना विल्यम्सशी लग्न केलं आणि त्या लग्नात बॉनी करवली होती! नंतरही त्याच्या बँडमध्ये गात राहिली. मला तर सहनशक्तीचा पुरस्कार द्यावासा वाटतो, मर्लला नाही तिला.

काळी_चहा

करवली!! हे देवा.

गिटारवाला

एक राहिलं. लोक त्याला कवी म्हणून मानतात ते ठीक, पण तो मोठा विद्यार्थी होता हे विसरतात. लोकप्रियतेच्या ऐन भरात याने काय केलं, तर १९६९ ला जिमी रॉजर्सच्या गाण्यांचा अख्खा दुहेरी अल्बम काढला आणि १९७० ला बॉब विल्सचा. बॉब विल्ससाठी हा माणूस तिशी उलटल्यावर फिडल शिकला आणि विल्सच्या टेक्सास प्लेबॉइजपैकी जे जुने वादक सापडले त्यांना गोळा करून आणलं. वेस्टर्न स्विंग, म्हणजे विल्सची ती नाचायची कंट्री-जॅझ शैली, तेव्हा मेल्यात जमा होती. टेक्सासमधल्या ऑस्टिनचे पुढचे तरुण वादक तिकडे वळले त्यात या रेकॉर्डीचा मोठा हात.

तात्या_सोलापुरी

'इर्मा जॅक्सन' ऐकलं. चांगलंच आहे. चाल एवढी साधी आहे की दोनदा ऐकल्यावर मी गुणगुणतोय आणि बायको विचारतेय ही इर्मा कोण.

रेगनने माफी दिली असंही वाचलं, ते काय?

आडवाट

हो, मार्च १९७२. रोनाल्ड रेगन तेव्हा कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर, त्याने पूर्ण माफी दिली, म्हणजे कागदोपत्री गुन्हेगार हा शिक्का गेला. यावर मर्ल फार मनापासून बोलायचा, 'ब्रँडेड मॅन' लिहिणाऱ्याला तो कागद किती मोलाचा असेल विचार करा. आणि योगायोग बघा, 'इर्मा'ही त्याच वर्षी बाहेर आलं.

पुढचा प्रवास थोडक्यात: १९८३ ला विली नेल्सनबरोबर 'पँचो अँड लेफ्टी' (गाणं टाउन्स व्हॅन झँडचं), कंट्री यादीवर एकूण ३८ नंबर एक गाणी, १९९४ ला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम आणि त्याच सुमारास पैशाची अशी उधळण की दिवाळखोरीपर्यंत गेला. मग २००० साली एका पंक रॉकवाल्या लेबलवर 'इफ आय कुड ओन्ली फ्लाय'. हा अल्बम म्हाताऱ्या माणसाचा आहे आणि म्हाताऱ्यासारखाच गायलाय, आवाज तरुण भासवायची धडपड नाही. २०१० ला केनेडी सेंटर सन्मान. २०१६ मध्ये न्यूमोनियाने गेला, ६ एप्रिललाच, ७९ व्या वाढदिवशी. मुलाने सांगितलं की आठवडाभर आधीच म्हणाला होता, मी वाढदिवसाला जाणार.

पिठलंभाकर

नवीन माणसाने कुठून सुरू करावं?

गिटारवाला

हिट्सच्या संग्रहापासून करू नका, 'ओकी' पहिल्यातच येतं आणि तुम्ही तात्या होता 😀 आधी 'सिंग मी बॅक होम', मग 'ममा ट्राइड', मग 'डिसेंबर'. त्यानंतर बॉब विल्सचा अल्बम पूर्ण. 'इफ आय कुड ओन्ली फ्लाय' पन्नाशीनंतर ऐका, आधी ऐकून फुकट घालवू नका.

शेवंता_२

पन्नाशी कधीच झाली हो. लावते आत्ताच. बॉनीचा धागा कोण काढतंय, दरीखोरी तू काढ, मी पहिला प्रतिसाद देते.

दरीखोरी

काढते, पण लेकाची परीक्षा संपू दे.